एर्मांसच्या रक्तातली पावडर

फ्रान्सच्या ताब्यातल्या आमच्या बेटावर, बास-प्वांत गावाच्या वरच्या अंगाला, रस्ता संपून नुसती चढण उरते तिथे एर्मांसचं घर. गाव तिला मान एर्मांस म्हणतं. वयस्क बाईच्या नावाआधी 'मान' लावायचं कुणी विसरलं तर इथे भांडण होत नाही, नुसतं दुसऱ्या दिवसापासून सलामाला उत्तर मिळत नाही. एर्मांसकडून मात्र उत्तर मिळायचं, आणि असं मिळायचं की पुन्हा विसरायची छाती व्हायची नाही. बाई तोंडाने फटकळ. मनाने नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून चालून जायचं.

तिचा नवरा फुल्बेर अगदी उलटा. कामापुरतं बोलणार, आणि कामही असं करणार की बोलावं लागू नये. "घरात एकाने बोललं की पुरे," असं तो म्हणायचा. मुलं दोन, दोघंही पोटापाण्यासाठी फ्रान्सला गेली आणि तिकडचीच झाली. रविवारी फोन करतात.

नवराबायकोची गाठ पडली ती केळीच्या मळ्यात. एर्मांस तेव्हा विशीतली. पुरुष घड तोडायचे आणि वाहायचे, बायकांकडे पावडर. केळीच्या बुंध्यात सोंडकिडा शिरतो, आतून पोखरतो आणि एक दिवस घडासकट झाड आडवं होतं. त्यावर उपाय म्हणून ही पांढरी पावडर. मुकादम सकाळी बादल्या भरून द्यायचा. प्रत्येक बुंध्याशी पत्र्याच्या डबीने एक माप टाकायचं आणि पुढच्या झाडाकडे सरकायचं. हातमोजे होते, पण ते मुकादमाच्या हातात. बायका उघड्या हातांनी टाकायच्या. वारा उलटा फिरला की पापण्यांवर, ओठांवर, छातीत पावडर. जेवणाच्या सुट्टीत हात झग्याला पुसायचे आणि पाव मोडायचा. एकमेकींना चिडवायच्या, "गोरी झालीस गं बाई, आता मालकाचा पोरगा तुला मागणी घालणार बघ." मोठा संप झाला तेव्हा मजुरांनी ती पावडरही नको म्हणून सांगितलं होतं. मजुरी थोडी वाढली, पावडर राहिली. पुढे तिकडे फ्रान्सात बंदी आली तरी बेटावर ती आणखी काही वर्षं चालूच होती. का, ते ज्यांनी चालू दिली त्यांना विचारावं. विचारणारे विचारून थकले.

आणि गंमत बघा, केळं स्वच्छच राहिलं. ती पावडर फळापर्यंत चढत नाही. फळ नटूनथटून बोटीत बसलं आणि गेलं, विष तेवढं इथल्या मातीत मुक्कामाला राहिलं.

एका वादळाने मळा झोपवला तेव्हा मालकाने कडेकडेच्या जमिनीचे तुकडे पाडून विकले. एर्मांसच्या घरामागचा तुकडा फुल्बेरने घेतला. त्या दिवशी तो चक्क दोन वाक्यं बोलला. "आयुष्यभर या मातीला आपण खाऊ घातलं. आता तिने आपल्याला घालू दे." केळीचे जुने बुंधे त्याने एकेक करून उपटले. मग लावली अळूकंद, कोनफळं, रताळी. काळी, भुसभुशीत, पावसाचं पाणी धरून ठेवणारी माती. मळ्याने तिथे खत काही कमी ओतलं नव्हतं. कोनफळं मांडीएवढी निघायची. फुल्बेर ती उकरायचा तेव्हा फावडं बाजूला ठेवून हातांनी माती सारायचा, साल दुखावू नये म्हणून.

शेजारी अँसेल्म, फुल्बेरचा डॉमिनोचा जोडीदार, कुंपणावर हात टेकून म्हणायचा, "मान एर्मांस, तुमच्या या अळूकंदाशी लग्न लावून द्या माझं. घरात बायकोपेक्षा शांत राहील."

"तुला झेपायची नाही ती," एर्मांस म्हणायची. "तुझी आहे ती बायकोसुद्धा शिजायला वेळ घेते." आणि दोन कंद त्याच्या टोपलीत टाकायची. तिच्या परसातून कुणी रिकाम्या हाताने गेलं असं कधी झालं नाही.

इथे एक रीत आहे. दुकानातला तांदूळ, बटाटे, गोठवलेली कोंबडी, जे जे समुद्रावरून येतं त्याला आमच्याकडे बोटीचं खाणं म्हणतात. निरोगी माणसाने ते खावं, हरकत नाही, त्याची ताकद आहे पचवायची. पण आजाऱ्याला, बाळंतिणीला, दूध सुटणाऱ्या पोराला बोटीचं खाणं द्यायचं नाही. त्यांना आपल्या मातीतलं. आजाऱ्याला भेटायला जाताना कुणी दुकानातली पिशवी नेली तर घरची बाई ती हसून घेते आणि मागच्या दाराने कोंबड्यांना टाकते.

फुल्बेरला लघवीचा त्रास सुरू झाला आणि दवाखान्यात तपासण्या होऊन प्रोस्टेटचा कर्करोग निघाला, तेव्हा एर्मांसने काय करावं हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. खाली शहरात, फोर-द-फ्रान्सच्या इस्पितळात ऑपरेशन झालं. तिथल्या ताटातला उकडलेला बटाटा तिने बोटाने बाजूला केला आणि घरून आणलेला डबा उघडला. नर्स म्हणाली, "मावशी, इथलं चांगलं असतं हो." एर्मांस म्हणाली, "असेल. पण हा माझा माणूस आहे, तुझा नाही."

घरी आल्यावर तर विचारूच नका. सकाळी रताळं, दुपारी अळूकंदाचा मऊ गोळा, वर खाऱ्या माशाचा रस्सा, संध्याकाळी कोनफळाचं सूप. सालं काढायची तीही पातळ, कस सालीलगत असतो म्हणून. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, डॉक्टरांना विचार काय द्यायचं ते." ती म्हणाली, "डॉक्टरने तुला वाढवलं का मी?" फुल्बेर त्या वर्षी सुधारलासुद्धा. परसात जाऊन उभा राहायचा. एर्मांस गावभर सांगत सुटली की औषधाने नाही, मातीने उभा केला.

त्याच सुमाराला कोराली पहिल्यांदा आली. तिशीतली मुलगी, लामांतँ गावची, पायात चिखलाचे बूट, खांद्याला थंड पेटी. केळीच्या मळ्यातल्या जुन्या मजुरांवर संशोधन चाललं होतं: क्लोर्डेकोन, म्हणजे तीच पांढरी पावडर, कुणाच्या रक्तात किती आहे आणि कुणाला काय आजार होतात. तिला फुल्बेरचं रक्त हवं होतं. एर्मांसने तिला बसवलं, कॉफी दिली. मुलगी नीट बोलत होती, मोठ्यांशी बोलावं तसं. पण बोलता बोलता तिने विचारलं, "आणि परसातलं कंदमूळ खाता का? कारण ते विष मातीत शेकडो वर्षं राहतं, आणि कंदात उतरतं. मातीची तपासणी फुकट करून मिळते, मान एर्मांस."

रेडिओवर ही बडबड एर्मांसने ऐकली होती. सगळ्यांनीच ऐकली होती, आणि प्रत्येकाला ती शेजारच्या परसाबद्दल वाटली होती. पण आपल्या ओट्यावर बसून, आपली कॉफी पिऊन, कुणी आपल्या मातीला घाण म्हणावं? तेही नवऱ्याच्या देखत, ज्याचा आता त्या तुकड्याशिवाय दुसरा आनंद उरला नव्हता?

"पोरी," ती म्हणाली, "आम्ही मळ्यात पांढरे होऊन घरी यायचो तेव्हा तुमची पेटी कुठे होती? तेव्हा कुणी रक्त विचारलं नाही. आता माणूस खायला लागलाय, उभा राहायला लागलाय, तर तुम्ही मोजायला आलात. त्याला सुखाने चार घास खाऊ दे."

कोरालीने फुल्बेरकडे पाहिलं. फुल्बेरने बायकोकडे पाहिलं, आणि नेहमीप्रमाणे बोलणं तिच्यावर सोपवलं. मुलगी उठली, कपबशी स्वतः विसळून ठेवली, आणि गेली.

पुढच्या वर्षी दुखणं परत आलं, या खेपेस हाडांत. आजारपण सगळं मिळून तीन वर्षं चाललं. एर्मांसने त्या तीन वर्षांत नवऱ्याच्या तोंडी बोटीतला एक कण पडू दिला नाही. हे सगळं गावाने पाहिलं, आणि बायकांनी आपल्या सुनांना उदाहरण दिलं. फुल्बेर गेला तेव्हा मयताला माणूस मावत नव्हतं. अँसेल्म कोपऱ्यात बसून डॉमिनोच्या सोंगट्या नुसत्या हातात घोळवत राहिला.

त्यानंतर एर्मांसचं फटकळपण वेगळंच झालं. आधी ती चिडवायची, आता बोचायला लागली. तिला एकच गोष्ट हवी होती, आणि ज्याला त्याला ती तेच ऐकवायची: फुल्बेरला मळ्याने मारलं, हे कुणीतरी शिकल्यासवरल्या माणसाने तोंड उघडून म्हणावं. पाद्र्याने म्हटलं देवाची इच्छा. डॉक्टरने म्हटलं या वयात होतं. "देवाने पावडर टाकली होय?" ती म्हणायची. "वयाने टाकली?" पैसा नको होता तिला. तिला ते शब्द हवे होते.

वर्ष सरलं तेव्हा ती स्वतः खाली उतरली आणि आरोग्य केंद्रात जाऊन म्हणाली, त्या कोराली नावाच्या मुलीला निरोप द्या. कोराली आली. या खेपेला एर्मांसने कॉफी द्यायच्या आधीच बाही वर केली.

"घे रक्त. मी ती पावडर टाकायची, तो त्याच झाडांखाली घड तोडायचा. माझ्या रक्तात निघालं म्हणजे त्याच्यात होतंच. मग लिही, मळ्याने मारलं."

"मान एर्मांस, मी एका माणसाबद्दल तसं म्हणू शकत नाही," कोराली सुई लावता लावता म्हणाली. "आम्ही शेकडो माणसं तपासतो. ज्यांच्या रक्तात जास्त, त्यांच्यात हा आजार जास्त दिसतो. एवढंच सांगता येतं."

"तू शेकडोंचं लिही. त्यातला माझा कुठला ते माझं मी ओळखेन."

कोराली हसली. जाताना तिने विचारलं, "माती नेऊ का थोडी?" एर्मांसने खांदे उडवले. "ने. चांगली आहे, तुझ्या कुंड्यांना होईल."

दोन्ही निकाल एकदमच आले. रक्तात क्लोर्डेकोन भरपूर, कोरालीने आजवर पाहिलेल्यांत वरच्या पाच-सहांतलं. आणि माती? कोरालीने आवाज खाली आणला. त्या मातीत कंदमूळ लावायचंच नव्हतं. झाडावरचं चाललं असतं, नीरफणस, संत्रं, आंबा, शेंगा, वांगी चालली असती. पण जे मातीच्या आत वाढतं ते काहीच नको.

एर्मांसने परसाकडे पाहिलं. अळूची पानं वाऱ्यावर डुलत होती, हिरवीगार, दृष्ट लागावी अशी.

"म्हणजे मी त्याला हेच..." ती म्हणाली, आणि थांबली. मग तिने मान हलवली, स्वतःलाच समजावल्यासारखी. "नाही. त्याच्या अंगात ते मळ्यातूनच भरलं होतं. तिथेच मुरलं. भरलेल्या पिंपात आणखी चार थेंब पडले तर काय फरक? मळ्यानेच मारलं त्याला. माती तरी कुणी नासवली? मळ्यानेच."

"मळ्यानेच," कोराली लगेच म्हणाली. "तुमची त्यात काहीच चूक नाही." आणि हे तिने मनापासून म्हटलं, कारण ते खरंच होतं. "फक्त आता तुम्ही हे खाणं बंद करा. अंगातलं हळूहळू कमी होतं. सहा महिन्यांनी पुन्हा रक्त बघू."

"मातीतून शेकडो वर्षं जात नाही म्हणतेस, आणि माझ्या म्हाताऱ्या हाडांतून जाणार," एर्मांस म्हणाली. तिचा विश्वास मुळीच बसला नाही. पण बंद तिने केलं. कमी होईल म्हणून नाही, रागाने. ज्या मातीने फुल्बेरला फसवलं तिचं आपल्याला काही नको म्हणून. अँसेल्मला बोलावून तिने सगळे कंद उपटायला लावले आणि कुणी नेऊ नयेत म्हणून खड्डा करून पुरले. अँसेल्म उपटत होता आणि रडत होता. तोही वर्षानुवर्षं तेच कंद खात आला होता, हे आता त्याच्या ध्यानात आलं होतं. "लग्न मोडलं म्हणायचं माझं," त्याने एकदा म्हणून बघितलं. एर्मांसने पुढचा कंद खड्ड्यात ढकलला.

मग बाई बोटीचं खायला लागली. दुकानात जाऊन तांदळाची पिशवी घेताना तिने आजूबाजूला पाहिलं, कुणी ओळखीचं बघत नाही ना. घरी तो भात तिला गिळवेना. चव नव्हती असं नाही, पण ती चव कुणाचीच नव्हती. परसात तिने काही लावलं नाही. कोराली मिरच्या, वांगी, चवळीचा वेल सुचवून गेली, रोपंही ठेवून गेली. ती कुंडीतच वाळली. तुकड्यावर रान माजलं, आणि गावातले लोक जाता-येता तिकडे न बघता जायला शिकले.

सहा महिन्यांनी कोरालीने रक्त नेलं आणि काही आठवड्यांनी ती चढण चढून आली ती जवळजवळ पळतच. अशी बातमी देण्याचं भाग्य त्या मुलीला क्वचितच मिळे. तिचं सगळं काम लोकांना वाईट सांगण्याचं. तिच्या स्वतःच्या आजीनेही मळ्यात पावडर टाकण्यातच आयुष्य काढलं होतं.

"अर्ध्यावर आलं," ती ओट्यावर टेकायच्या आत म्हणाली. "अर्ध्यावर, मान एर्मांस. मी सांगत नव्हते? नवीन आत गेलं नाही की शरीर जुनं टाकून देतं. आणखी सहा महिन्यांनी याचंही अर्धं होईल. दोन-तीन वर्षांत नावालासुद्धा उरणार नाही."

एर्मांस तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"सगळ्यांचंच जातं असं?"

"सगळ्यांचं. बायकांचं, पुरुषांचं. माती सोडत नाही, पण माणूस सोडतो. हीच तर एक चांगली गोष्ट आहे यात."

"मळ्यातलं काम सोडून मला वीस वर्षं होऊन गेली," एर्मांस सावकाश म्हणाली. "त्यालाही. सहा महिन्यांत अर्धं होतं म्हणतेस. मग मळ्यातलं तर केव्हाच निघून गेलं असणार. माझ्या रक्तात तुला जे सापडलं, ते कुठलं?"

आता कोरालीच्या लक्षात आलं, ते परसातल्या कंदांचंच होतं. तिचा चेहरा एकदम उतरला. तिने एर्मांसचा हात धरला.

"माझं ऐका. त्यांचा आजार कधी सुरू झाला ते कुणालाही सांगता येणार नाही. मळ्यात असतानाच झाला असेल. पहिल्या वर्षी त्यांनी खाणं बदललं असतं तरी ते वाचले असते असं कुठलंही संशोधन म्हणत नाही. एका माणसाबद्दल ते बोलूच शकत नाही."

"वाचला नसता असंही म्हणत नाही ना ते?"

 कोराली खोटं बोलली असती तर एर्मांसला कळलं असतं, आणि खरं तिला माहीत नव्हतं. शेकडो माणसांच्या रक्ताचा हिशेब तिच्याजवळ होता, आणि या एका बाईला द्यायला एक शब्द नव्हता. ज्यांनी ती पावडर बोटीतून आणली, ज्यांनी सह्या केल्या, त्यातल्या एकाची तरी झोप मोडली असती तर बरं वाटलं असतं. मोडली ती हिची, जिने नवऱ्याला जीव लावला.

"तू आली होतीस," एर्मांस म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "तो बसला होता इथे, या खुर्चीत. तेव्हा बंद केलं असतं तर त्याचंही अर्धं झालं असतं. मग त्याचं अर्धं."

"तुम्हाला कसं माहीत असणार?"

"तू सांगितलंस की."

 कुंपणापाशी अँसेल्म आला होता, पण दोघींचे चेहरे बघून तो आल्यापावली परत गेला. कोराली रडत होती. एर्मांसने तिच्या पाठीवरून हात फिरवला, कारण समोर कुणी रडत असलं की तिच्याकडून तेवढं आपोआप व्हायचं.

"शेवटी शेवटी त्याला खावंसंच वाटायचं नाही," ती म्हणाली. "भिंतीकडे तोंड करायचा. मी चमचा घेऊन बसलेली असायची. म्हणायची, फुल्बेर, एक घास घे रे, माझ्यासाठी. मग तो वळायचा आणि तोंड उघडायचा."